मऊ लंगोट आणि ओल्या मांड्या

मुलगी झाली आणि मास्तरांनी घरात जाहीर करून टाकलं, "आजपासून धुणं माझ्याकडे!" मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे, पण स्वतःच्या शर्टावरचा रंगाचा डागही त्यांनी जन्मात कधी काढला नव्हता. बायको नुसती हसली.

त्यांची थोरली बहीण, ताई, भाचीला बघायला आली ती कपडे मऊ करणाऱ्या सॉफ्टनरचा भला मोठा कॅन घेऊनच. "माझ्या ठकीला काही टोचता कामा नये. हात आखडू नकोस."

मास्तरांनी मुळीच आखडला नाही. दुपटी, झबली, टॉवेल, लंगोट, सगळ्यांना सॉफ्टनरची आंघोळ! कपडे लोण्यासारखे झाले. घरभर फुलांचा घमघमाट. कोणी आलं की मास्तर त्याच्या गालाला दुपटं लावून दाखवायचे.

पण एक भानगड होती. ठकी ज्याच्या-त्याच्या मांडीला आंघोळ घालायची. लंगोट बांधला काय नि न बांधला काय, सारखंच! टॉवेलनं पुसायला जावं, तर पाणी नुसतं अंगभर फिरायचं.

"पोरगी पाणी फार पिते का गं?" मास्तरांनी काळजीनं विचारलं.

"अहो, दोन महिन्यांची आहे ती. दूध पिते!"

पुढच्या रविवारी ताई पुन्हा आली. तिथून मंडळाच्या सभेला जायचं म्हणून कडक इस्त्रीच्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांत.

"दे इकडे तिला."

"ताई, जरा जपून..."

"मला शिकवतोस? तुझे लंगोट मीच बदललेत!"

ठकी मांडीवर विसावली. थोड्याच वेळात ताईचा चेहरा बदलला. मास्तर टॉवेल घेऊन धावले. ताईनं खसाखसा पुसलं, पण ओल जागची हलेना. टॉवेलवर पाण्याचा एक टपोरा थेंब तसाच बसून राहिला. ताईनं बोट लावलं, तर घरंगळत खाली!

"अरे, घातलंस तरी काय याला?"

"तूच दिलेलं. हात न आखडता."

"त्याचाच थर बसलाय," बायकोच्या डोक्यात प्रकाश पडला. "पाणी आत शिरणार कुठून?"

ताई अशी खदखदून हसली की ठकी दचकून तिच्याकडे बघतच राहिली. तिघांचीही हसून हसून पोटं दुखली.

मग ताईनं भावाचा रंगांनी माखलेला पायजमा चढवला नि दोघं न्हाणीघरात शिरली. गरम पाणी, साधा साबण, आणि खळखळून, पुन्हा पुन्हा धुणं. ताईनं फेसाचा गोळा भावाच्या नाकावर फासला. त्यानं तांब्या उपडा केला. बाहेर बायको ओरडत होती, "अहो, पोरगी झोपलीय!"

तेवढ्यात मंडळातून फोन आला. ताईनं ओल्या हातानं कानाला लावला.

"नाही जमणार आज. लंगोट धुतेय... अहो, कोणाचे म्हणजे काय? भाचीचे!"