वाघवीराचा कौल

वनखात्याच्या हद्दीच्या पांढऱ्या बुरुजापाशी तिचे सासरे, आबा, दम खायला थांबले, तेव्हा नीलमने गळ्यातल्या पट्ट्याचं बक्कल आणखी एक भोक आत ओढलं. पट्ट्याला चहूबाजूंनी बोटभर खिळे होते. मान वळवायची तर अख्खं अंग वळवावं लागे. पूर्वी असला पट्टा मेंढरं राखणाऱ्या कुत्र्यांच्या गळ्यात असायचा. बिबट्या मानेलाच धरतो हे कळल्यापासून तो शिवारातल्या बायांच्या गळ्यात आला, आणि आता त्याला कोणी हसत नव्हतं.

"निघायचं का?" आबांनी मागं न बघताच विचारलं.

"चला."

आबांच्या गळ्यात पट्टा नव्हता. विश्वजीतने, म्हणजे नीलमच्या नवऱ्याने, दोन आणले होते; आबांचा अजून खुंटीलाच लटकत होता. आबा म्हणजे मारुतराव, वाघमाऱ्यांच्या घरातला कर्ता माणूस. कागदावर आडनाव दुसरं असलं तरी गाव त्यांना वाघमारेच म्हणे. त्यांच्या कुणा पूर्वजाने ह्याच डोंगरावर वाघ लोळवला होता म्हणे, आणि त्याचा दगड, वाघवीर, वर जंगलात उभा होता. असल्या घरातल्या माणसाने गळ्यात खिळे बांधून हिंडायचं म्हणजे पारावरच्या मंडळींना चघळायला आयता विषय.

शेजारच्या वाडीतली एक बाई उसाच्या कडेला गवत कापता कापता गेली, तेव्हापासून गावाची झोप उडाली होती. वनखात्याने पिंजरा लावला. त्यातली शेळी रात्रभर ओरडायची आणि सकाळी जिवंत सापडायची. मग कुणीतरी वाघवीराची आठवण काढली. त्याला खाली आणून वेशीत बसवलं की बिबट्याची काय टाप आहे गावात पाऊल टाकायची! एकदा ठरलं म्हटल्यावर गोकुळने ट्रॅक्टर देऊ केला, पोरांनी दोर आणि पहारी जमवल्या. फक्त दगड हलवायच्या आधी त्याचा कौल घ्यायला हवा होता. तो वाघमाऱ्यांच्या कर्त्याने घ्यायचा, घरच्या सवाष्णीने ओटी भरायची, आणि तिसरं कुणी वर यायचं नाही, अशी रीत. सासूबाई दौंडला, रेल्वे कॉलनीत, लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या. तेव्हा ओटीचं ताट नीलमच्या हातात आलं.

दुसऱ्या कुणाबरोबर यायचं असतं तर ती इतकी भ्याली नसती.

पायवाट एका माणसापुरती होती. दोन्ही अंगांना घाणेरी माजलेली, वर खैर आणि हिवर. बिबट्या ओळीतल्या शेवटच्याला उचलतो असं शिवारात जो तो सांगे. आबा पुढे चालले होते. नीलम मागे होती, आणि मागे पान वाजलं तरी तिच्या पाठीवर काटा येत होता.

मागच्या अमावास्येच्या आसपासची गोष्ट. विश्वजीत शिक्रापूरला कंपनीत, दुसऱ्या पाळीला. दिवेलागणीला नीलम गोठ्यात वासरू बांधायला गेली, तर म्हैस दावं तोडायला बघत होती. नीलमने बॅटरी वर धरली. कडब्याच्या गंजीवर दोन डोळे पेटले. ती मागे मागे सरकत घराकडे आली आणि जीव खाऊन ओरडली, "आबा!" आबा दारातच उभे होते. त्यांनी तिला पाहिलं. गंजीकडेही पाहिलं. मग दार लागलं आणि आतून कडी पडली.

कडीचा तो आवाज. दाराला पाठ लावून ती उभी राहिली. बिबट्याने तिच्याकडे पाहिलं, काय मनात आलं कोण जाणे, आणि तो कुंपणावरून उसात उतरला. बऱ्याच वेळाने दार किलकिलं झालं.

"गेला का?" आबांनी आतून विचारलं होतं.

नीलमची चार वर्षांची लेक त्यांच्या कडेवर होती. पोरीसाठी लावलं असेल दार, असं नीलमने स्वतःला शंभरदा समजावलं. समजूत पटायची आणि पुन्हा निसटायची, कारण आबांचा हात कडीकडे किती चटकन गेला ते तिने पाहिलं होतं. विश्वजीतला ती काही बोलली नाही. बापाबद्दल असलं काही लेकाला सांगायचं म्हणजे घराचे दोन तुकडे करायचे.  तेव्हापासून आबा ताटावरून नजर न उचलता जेवत.

वाघवीर एका जुन्या खैराखाली होता. दगड कसला, कमरेएवढा शेंदराचा गोळाच तो. पिढ्यान्‌पिढ्या थरावर थर चढून खालचा आकार पार बुजून गेलेला. चांदीचे दोन डोळे चिकटवलेले, तेवढीच ओळख. उन्हाने शेंदराला भेगा पडल्या होत्या.

नीलमने ओटी भरली. आबांनी झेंडूची दोन फुलं पाण्यात बुडवून देवाच्या उजव्या-डाव्या खांद्यांवर चिकटवली आणि हात जोडले.

"वाघवीरा, गावावर संकट हाय. तुला खाली वेशीत न्यायचं म्हणत्यात. यायचं आसंल तर उजवं दे, ऱ्हायचं आसंल तर डावं."

दोघं फुलांकडे बघत राहिली. वारा नव्हता. थोड्या वेळाने उजवं फूल हळूच घसरलं आणि खाली पडलं.

"दिलं!" आबांचा चेहरा उजळला. "उजवं दिलं. बघितलंस न्हवं?"

"व्हय, आबा."

खाली कळवायला त्यांनी खिशातून मोबाईल काढला. रेंज नव्हती. तेवढ्यात खालच्या अंगाला मोर ओरडला. पुन्हा ओरडला आणि एकदम गप्प झाला. त्याच्याबरोबर बाकीची पाखरंही गप्प झाली. आणि घाणेरीतून आवाज आला, वाळल्या लाकडावर करवत ओढावी तसा. एकदा. मग जरा जवळून, पुन्हा एकदा.

 नीलमने आबांकडे पाहिलं. आबा पायवाटेकडे बघत होते. हा माणूस आता पळणार, असं तिला इतकं लख्ख कळलं की बिबट्यापेक्षा त्याचीच भीती वाटली. ती मागे सरली, पाठ दगडाला लागली, आणि आधाराला म्हणून तिने दोन्ही हातांनी मागे जे सापडलं ते घट्ट धरलं.

हाताखाली काहीतरी कडकन मोडलं. सुपाएवढा शेंदराचा थर सुटून, चांदीच्या डोळ्यांसकट आणि डाव्या फुलासकट, धप्पकन खाली आला. त्या आवाजाने घाणेरीत काहीतरी सळसळत लांब गेलं. लांब गेलं की नुसतंच थांबलं, हे कळायला मार्ग नव्हता.

आबा पळाले नव्हते. ते दगडाकडे बघत होते. नीलमही अख्खी वळली.

काळ्या दगडावर कोरलेलं सगळं स्वच्छ दिसत होतं. शेंदराने ते जपून ठेवलं होतं. खाली वाघ होता आणि वाघाखाली माणूस उताणा पडला होता. वाघाचे पुढचे पाय त्याच्या छातीवर आणि तोंड मानेत. तलवार हातातून सुटून बाजूला पडलेली. वरच्या चौकटीत दोन बाया त्या माणसाला दंडांना धरून वर स्वर्गात नेत होत्या. आणि खाली, पडलेल्या माणसाच्या मागे, बोटाएवढी एक बाई कडेवर मूल घेऊन उभी होती. तिला काही झालेलं नव्हतं.

नीलमचा हात आपोआप गळ्यातल्या पट्ट्याकडे गेला.

"मारला न्हाई त्यानं," आबा म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "म्हंजी… त्योच मेला."

त्यांनी अंगठ्याने त्या लहानशा बाईवरची शेंदराची खपली काढली. मग एकाएकी भान आल्यागत वाकले आणि पडलेला थर उचलून दगडाला लावू लागले. त्याचे हातातच तुकडे झाले.

"शेंदूर दे. तेल दे, लवकर."

नीलमने ताटातली पुडी आणि बाटली पुढे केली. आबांनी शेंदूर कालवला आणि दोन्ही हातांनी थापायला सुरुवात केली. वाघावर थापला, माणसावर थापला. आणलेला शेंदूर तो केवढा! ताजा पातळ थर बसला आणि कोरीव काम लाल होऊन उलट जास्तच उठून दिसायला लागलं. आबांचे हात थांबले.

"खाली नेला तर समद्यांना दिसंल," ते पुटपुटले. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "हे कुणापाशी बोलू नगं."

दगडाबद्दल म्हणत होते की दाराबद्दल, हे नीलमला कळलं नाही. 

"तू म्होरं हो," आबा म्हणाले.

ती निघाली. का पुढे घातलं असेल? तो आवाज खालच्या अंगाने आला होता, वाटही खालीच जात होती. आबांना हे ठाऊक असेल का? मान वळत नव्हती, म्हणून ती कानांनीच मागचं बघत होती. काठी टेकल्याचा आवाज येत होता. काठी अजून मागे आहे, अजून आहे. एका वळणावर तो बंद झाला.  ती अख्खी वळली.

आबा तिच्याकडे पाठ करून उभे होते, वरच्या झाडीकडे तोंड करून. दोन्ही हातांत काठी आडवी धरलेली. पाय असे लटपटत होते की धोतराचा सोगा हलत होता.

"थांबू नगं," ते न वळताच म्हणाले. "मी हाय. चल."

पायथ्याशी ट्रॅक्टरभोवती अर्धं गाव जमलं होतं. आबांचे लाल हात बघून पोरांनी जयजयकार सुरू केला.

"आबा, काय म्हणला देव?" गोकुळने विचारलं.

"डावं दिलं," आबा म्हणाले. "यायचं न्हाई म्हणतो."

कुजबुज झाली. गोकुळचं समाधान झालं नाही. तो नीलमकडे वळला. "वैनी, तुमच्या म्होरं पडलं का डावं?"

सगळ्यांचे डोळे तिच्यावर आले. आबा जमिनीकडे बघत होते. एक शब्द बोलली असती तर पोरं पहारी घेऊन वर धावली असती आणि संध्याकाळपर्यंत वाघमाऱ्यांचं नाव वेशीत उघडं पडलं असतं. नीलमला तो शब्द जिभेवर जाणवला. कडीचा आवाजही आठवला.

"व्हय," ती म्हणाली. "डावंच."

"दुसरा पिंजरा मागवा," आबा घाईने म्हणाले. "आन् पोरं शाळंत ट्रॉलीतनं न्या. दगडाच्या भरवशावर ऱ्हाऊ नगा."

दिवेलागणीला नीलम पट्टा बांधून गोठ्यात गेली. विश्वजीत पाळीवर होता. तिने म्हशीपुढे कडबा टाकला, वासराला दावं लावलं आणि मग उसातून पाचट वाजल्यासारखं वाटलं. म्हशीने कान उभारले. नीलमने बॅटरी त्या बाजूला धरली नाही. तिने घराकडे पाहिलं.

दार उघडं होतं. उंबऱ्याच्या आत लेक उभी होती आणि बाहेर, पायरीवर, आबा. हातात काठी. गळ्यात खुंटीवरचा पट्टा, तिरपा बसलेला, बक्कल कानाखाली आलेलं.  इतक्या लांबूनही दिसत होतं.

"आवर लवकर," ते म्हणाले. आवाज नीट फुटला नाही.

नीलमला पळत सुटावंसं वाटलं. पण तिने वाकून दाव्याची गाठ पुन्हा तपासली, कडबा सारखा केला आणि मग अंगण ओलांडून, चालत, आली. ती आत जाईपर्यंत आबा पायरीवरून हलले नाहीत. मग तेही आत आले, दार लोटलं, कडीकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला.

कडी नीलमने घातली.