कढई पुसलेला भात

मित्रांनो, मी म्हैसूरच्या एका शिंपी घरातली जुनी लोखंडी कढई आहे. काळी तर मी जन्मापासूनच, पण हल्ली तोंड दाखवायची लाज वाटते.

सरगूरकडच्या एका लोहाराने मला ठोकून घडवलं. राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं, त्या वर्षी सोयराबाईंनी मला घरी आणलं. त्या नुकत्याच बाळंत झाल्या होत्या. शिवणयंत्रावर बसल्या की घेरी यायची. अंगात लोह कमी आहे, असं दवाखान्यात सांगितलं होतं. मग माझ्यात वांग्याचं गोज्जू, म्हणजे आंबट-तिखट दाट कालवण, रटरटू लागलं. त्यातली आंबट चिंच माझ्या अंगातलं लोह ओढून घ्यायची आणि गोज्जू काळंभोर व्हायचं. दवाखान्याच्या गोळ्या आणि हे गोज्जू मिळून सोयराबाई टुणटुणीत झाल्या. गोळ्यांचं नाव कोणी काढलं नाही, कौतुक सगळं माझं! मीही फुशारून गेले.

त्या घरात एक रीत होती. भाजी वाढून झाली की तळाच्या मसाल्यात गरम भात कालवून कढई पुसायची आणि तो भात लाडक्या लेकराला द्यायचा. पुढे हा मान नातीला, वेदवतीला मिळाला.

वेदू फिकट होती. चार पावलं धावली तरी धापा टाकायची.

"रक्तच नाही बघ पोरीत," सोयराबाई म्हणायच्या. "इन्नू स्वल्प, अजून थोडं खा, पुट्टी. कढई पूर्ण पूस!"

शेजारणीच्या सांगण्यावरून लोहाचं टॉनिकही सुरू झालं. चहा लोह अडवतो म्हणून तिचा चहा बंद केला. रक्त तपासावं, असं मात्र कोणाला सुचलं नाही. मी होते ना घरात! वेदू बोटं चाटून खायची आणि मला वाटायचं, या पोरीला मीच धडधाकट करीन.

पण तिचं पोट फुगू लागलं, डोळे पिवळे दिसू लागले. मग तिच्या वडिलांनी, वसंताने, डॉक्टर कृष्णवेणींना गाठलं. त्या याच घरी कपडे शिवून घ्यायच्या. तपासण्या झाल्यावर त्या स्वतःच समजावायला आल्या.

"आजी, हिच्या अंगात लोह कमी नाही, फार झालंय. हा थॅलसेमिया, आईबापांकडून आलेला. हिचं शरीर रक्त नीट तयार करत नाही, पण अन्नातलं लोह अधाशासारखं ओढतं. ते यकृतात साचतंय."

"अय्यो देवा! माझ्याच हातानं भरवलं की हो मी!" सोयराबाई कळवळल्या.

भरवणारे त्यांचे हात तरी सगळ्यांना दिसत होते, माझा वाटा कोणालाच दिसत नव्हता. मी चुलीवर मान खाली घालून बसले होते. ज्या गुणावर इतकी वर्षं मिरवले, तोच त्या कोवळ्या पोटात साचला होता. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

आता वेदूवर उपचार चालू आहेत. तिचं जेवण स्टीलच्या पातेल्यात शिजतं आणि जेवताना डॉक्टरांच्याच सांगण्यावरून तिला चहा मिळतो. बाकीच्यांची भाजी अजून माझ्यातच होते.

मित्रांनो, कोणी फिकट दिसलं तर माझ्याकडे धावण्याआधी रक्त तपासून घ्या. माझी स्तुती ऐकून फसू नका, मीही फसले होते.

रोज जेवणं झाली की वेदू मला घासते, तेल लावते. "रुसू नको हं," असं हळूच म्हणते. मग मला पालथी घालते आणि साबण लावून हात स्वच्छ धुते.