धाकटं आधी, थोरलं मागून

मित्रांनो, तुम्ही कधी ना कधी मला पोटाने ढकलले असेल. मोठ्या खेळबागेच्या तोंडाशी कमरेएवढा लोखंडी खांब असतो. त्याला तीन आडव्या नळ्या असतात. एक नळी ढकलली की एक माणूस आत जातो आणि दुसरी नळी मागच्याच्या पोटाशी येऊन थांबते. तो फिरता अडसर म्हणजे मी. आता मी बागेच्या मागच्या बाजूला, पत्र्याच्या खोलीत भिंतीला टेकून उभा आहे. इथे कसा आलो, ते सांगतो.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. वेल्डरने नळ्या जोडल्या आणि पोरांचे सदरे अडकू नयेत म्हणून त्यांची टोके कानशीने गुळगुळीत केली. मग फिटरने माझ्या पोटात खटका बसवला. त्या खटक्यामुळे मी एकाच बाजूला फिरतो. फिटरने मला दोनदा फिरवून पाहिले आणि म्हणाला, "हा सगळ्यांना आत घेईल. परत सोडायचा नाही कुणाला."

वेल्डर हसला. मलाही तेव्हा ते कौतुकच वाटले.

बागेला सहा फाटके होती. मला चौथ्या फाटकावर बसवले. माझ्याशेजारी स्टुलावर तिकीट फाडणारे मामा बसत. त्यांचे खरे नाव पगाराच्या वेळीच कुणी घेत असेल, एरवी सगळ्यांचे ते मामाच. त्यांच्या पायाशी एक लोखंडी पट्टी होती. तिकीट फाडून त्यांनी ती पट्टी दाबली की मी सुटायचो. दर सोमवारी बाग बंद असे. त्या दिवशी मामा माझ्या पोटात तेल घालायचे आणि नळ्या पुसायचे. एकोणीस वर्षांत त्यांचा एकही सोमवार चुकला नाही.

मामांची एक पद्धत होती. कुटुंब समोर आले की ते मोठ्याने म्हणायचे, "चला, धाकटं आधी, थोरलं मागून! ताई, तुम्ही शेवटी या. तुम्ही आधी गेलात तर मागे कोण राहिलं ते कळायचं कसं?"

त्याला कारण होते. फार पूर्वी एका मोठ्या गोतावळ्यातले तीन वर्षांचे पोर गर्दीत बाहेरच राहिले होते. आतल्या प्रत्येकाला वाटले, ते दुसऱ्या कुणापाशी असेल. तासभर ते मामांच्या गुडघ्याला मिठी मारून रडत होते. त्या दिवसापासून मामा लहानांना आधी आत सोडू लागले. लोकांनाही ते पटायचे. एकदा एका पोट सुटलेल्या गृहस्थांनी विचारले, "मामा, मी कुठल्या रांगेत? धाकटा का थोरला?"

"पोट बघून थोरले, उत्साह बघून धाकटे. या मधून!"

सगळी रांग हसली. तेव्हा माणसे माझ्यातून हसतच आत जायची.

मग काळी पेटी आली.

लॅपटॉप घेऊन एक यंत्रवाला आला. त्याने माझ्या खांद्याला चार भोके पाडली आणि पेटी बसवली. तिच्यावर तिकीट दाखवायची खिडकी होती आणि बोट ठेवायची एक छोटी काच. लोक दुपारी बाहेर जाताना आपले तिकीट दुसऱ्याला देतात, ते बंद करायचे होते. म्हणून आत शिरताना बोटाचा ठसा घ्यायचा आणि तो तिकिटाला जोडून ठेवायचा. त्याने माझ्याभोवती माणसाच्या उंचीची जाळी उभी केली. वरून कुणी चढू नये आणि खालून कुणी सरपटू नये म्हणून माझ्या नळ्यांच्या वर-खाली आणखी नळ्या जोडल्या. मी अडसर कमी आणि पिंजरा जास्त दिसू लागलो. शेवटी त्याने मामांच्या पायाखालची पट्टी कापून काढली.

"ती राहू द्या की," मामा म्हणाले.

"आता माणसाच्या हातापायात काही ठेवायचं नाही, मामा. काही अडलंच तर ऑफिसातून बटण दाबतील."

"आणि बटण दाबायला कुणी नसलं तर?"

"अडतच नाही हो हे," यंत्रवाला म्हणाला आणि कापलेली पट्टी पिशवीत टाकून निघून गेला.

पहिल्या आठवड्यात फार गंमत झाली. ठसा नीट उमटला की पेटीवर हिरवा दिवा लागे, नाहीतर लाल. मुलांना तो हिरवा दिवा आवडायचा. ती परत परत बोट लावू बघायची. एक बाई नवऱ्याला म्हणाली, "लग्नाआधी आमच्याकडच्यांनी तुम्हाला एवढं तपासलं असतं तर बरं झालं असतं." एक आजोबा मात्र चिडले. "पाळण्यात बसायला आलोय आम्ही, तुरुंगात नाही!" एका शिक्षिकेने शांतपणे विचारले, "आमचे ठसे तुम्ही ठेवता कुठे? आणि पुसता कधी?" मामांनी ऑफिसात विचारले. ऑफिसाने यंत्रवाल्याला विचारले. उत्तर आलेच नाही. शिक्षिका पाच मिनिटे थांबली. तिची मुले तिचा हात ओढत होती. अखेर तिने बोट लावले, पण आत जाताना तिने मागे वळून माझ्याकडे असे पाहिले, की मला माझीच लाज वाटली.

हळूहळू लोकांना सवय झाली. कुणी काही विचारेना. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. काचेवर बोट ठेवले की माणूस श्वास रोखून धरायचा. दिवा हिरवा होईपर्यंत लेकुरवाळ्या बाया आणि दांडगे बाप्ये चूक केल्यासारखे गप्प उभे राहायचे. माझ्यातून जाताना आता कुणी हसत नव्हते.

आणि काहींचा दिवा हिरवा व्हायचाच नाही. कुणाचा? भांडी घासणाऱ्या बाईचा. धोब्याचा. विटा वाहणाऱ्याचा. एका म्हाताऱ्या शिंपीणबाईचा. माझ्या नळ्यांवर इतकी वर्षे हात पडले आहेत, मला बोटे कळतात. या लोकांच्या बोटांवरच्या रेघा कामाने खाल्ल्या होत्या. पेटीला त्यांचे बोट बोटच वाटत नव्हते. रोज असे चार-पाच जण अडायचे. मामा फोन करायचे, दोन-तीन मिनिटांनी ऑफिसातून बटण दाबले जायचे. तोवर तो माणूस जाळीत उभा आणि मागे सगळी रांग बघत असलेली.

मामा बागेच्या व्यवस्थापकबाईंकडे गेले. "बाई, माझी पट्टी मला परत द्या. एखाद दिवशी काहीतरी होऊन बसेल."

"काय होईल, मामा?"

मामांनी रोज अडणाऱ्या चार-पाच जणांचे सांगितले. बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "लेखी द्या, मी वर पाठवते." मामांनी लिहून दिले. तो कागद वर गेला आणि वरच राहिला.

सुट्टीचे दिवस होते. सकाळी अकराची वेळ होती. सहाही फाटकांवर कठड्यांमध्ये माणसे खच्चून भरली होती. माझ्यासमोर एक म्हातारा गवंडी आणि त्याची पाच वर्षांची नात आली. नात एका जागी उभी राहत नव्हती, म्हणून तिला घरात भिंगरी म्हणत. तिची आजी हिवाळ्यात गेली होती. आजीशिवाय दोघे पहिल्यांदाच कुठे बाहेर पडले होते. तिकिटे भिंगरीच्या आईने काढून दिली होती, ती स्वतः कामावर होती. म्हातारा तिकिटे दोन्ही हातांनी धरून उभा होता, जशी काही ती उडून जातील.

"आबा, अस्वल! ते बघ, अस्वल!" भिंगरी ओरडली. जाळीपलीकडे अस्वलाचा पोशाख घातलेला माणूस मुलांना हात हलवत चालला होता.

मामा सवयीने म्हणाले, "चला, धाकटं आधी, थोरलं मागून!"

सहा वर्षांच्या आतल्या मुलांना बोट लावावे लागत नसे. मामांनी तिचे तिकीट पेटीला दाखवले. हिरवा दिवा लागला. म्हाताऱ्याने तिचा हात सोडला. तिने मला ढकलले आणि मी अगदी हलकाच फिरलो. मित्रांनो, ते फिरणे मला अजून आठवते.

मग म्हाताऱ्याने काचेवर बोट ठेवले. लाल. पुसून ठेवले. लाल.

"दुसरं लावा, बाबा," मामा म्हणाले.

त्याने दुसरे लावले. मग तिसरे. चाळीस वर्षे चुना आणि सिमेंट कालवलेली ती बोटे होती. दगडासारखी गुळगुळीत. त्याने एकेक करून दहाही बोटे लावून पाहिली. दहाही वेळा लाल.

मागून कुणी म्हणाले, "आजोबा, बोटं घरी विसरलात का?" दोघे-तिघे हसले. आणखी कुणी म्हणाले, "अहो, बाजूला व्हा ना, आमचा वेळ जातोय." बाजूला व्हायला जागाच नव्हती.

आतून भिंगरीने हाक मारली, "आबा, ये ना!"

"आलो, आलो. तिथंच थांब हं!"

ती थांबली. थोडा वेळ थांबली. मग अस्वल वळणावरून दिसेनासे होऊ लागले, तेव्हा तिने एकदा आबाकडे बघितले, एकदा अस्वलाकडे, आणि पळाली.

"भिंगरे! थांब! भिंगरे!"

वर कर्ण्यांवर गाणे चालू होते. म्हाताऱ्याची हाक जाळीपर्यंतच गेली. तो मला छातीने ढकलू लागला. मी हललो नाही. मला हलता येत नव्हते.

मामांनी फोन लावला. "फाटक चार. लवकर बटण दाबा."

"तिकिटाचा नंबर सांगा," ऑफिसात फोन घेणारी मुलगी म्हणाली.

मामांनी सांगितला.

"बोट पुसून परत लावायला सांगा."

"ताई, दहाही बोटं लावून झाली! त्यांची पोर आत एकटी गेलीय!"

"पोर? तिचं तिकीट तर झालंय मामा. इथं सगळं नीट दिसतंय. थांबा हं, दुसऱ्या फाटकाचाही फोन आहे."

फोनमध्ये नुसती धून वाजत राहिली, मग फोन बंद झाला. पेटीच्या लेखी भिंगरी सुखरूप आत पोचली होती आणि प्रश्न फक्त एका नको असलेल्या माणसाचा होता.

म्हातारा आता ओरडत नव्हता. जाळीत बोटे अडकवून तो वळणाकडे बघत होता आणि हळू आवाजात स्वतःशीच म्हणत होता, "हिची आजी असती तर हात सुटला नसता. सुटलाच नसता."

मामांनी ते ऐकले. ते स्टुलावरून उठले. भिंतीवरचे आग विझवायचे लाल नळकांडे त्यांनी काढले आणि माझ्या खांद्यावर हाणले. पहिल्या घावाला काच फुटली. दुसऱ्याला पेटी लोंबली. तिसरा घाव माझ्या पोटात बसला, आणि ज्या खटक्याला मामांनी एकोणीस वर्षे तेल घातले होते, तो तुटला. मला दुखले असेल, पण मला तेव्हा एकच कळले: मी सुटलो. म्हातारा आत धावला. मागोमाग मामा धावले. रांगेतली माणसे तिथेच उभी राहिली. कितीतरी जणांनी फोन वर करून ते सगळे टिपून घेतले.

पुढचे मी बागेतल्या तळ्यावरच्या होडीवाल्याच्या तोंडून ऐकले. अस्वल तळ्यापर्यंत गेले आणि पाणी प्यायला आडोशाला उभे राहिले. पाणी पिण्यासाठी त्याने डोके काढले. अस्वलाचे डोके हातात आणि आतून घामाने भिजलेला माणूस, हे पाहून भिंगरी घाबरली. वाट फुटेल तिकडे पळाली. होडीवाला समोरच्या काठावर होता. धक्क्याला बांधलेल्या रिकाम्या होडीत ती लपून बसली. दोर सैल होता. म्हातारा पोचला तेव्हा होडी काठापासून दोन हात लांब गेली होती, आणि ती आबाला बघून होडीत उभी राहिली होती. होडी एका अंगाला कलली. म्हातारा कपड्यांनिशी पाण्यात उतरला, छातीएवढ्या पाण्यात. तिचा एक बूट पाण्यात गेला, ती त्याच्या हातात आली.

"आबा, तू एवढा वेळ कुठं होतास?" तिने विचारले म्हणे.

परत जाताना दोघे माझ्यापाशी थांबले. म्हाताऱ्याच्या अंगातून पाणी निथळत होते. मामा हात जोडून म्हणाले, "माझं चुकलं. तिला आधी मीच पाठवली."

"नाही हो, भाऊ. हात मी सोडला."

दोघेही चूक आपल्याकडे ओढत होते. पेटी तारेला लोंबत होती. तिच्याकडे कुणी बोट दाखवले नाही.

दुसऱ्या दिवशी मामांचे स्टूल उचलले. बागेची मालमत्ता मोडली म्हणून त्यांना घरी पाठवले. मलाही काढले. माझ्या जागी नवा अडसर आला आहे. तो डोक्याहूनही उंच आहे, आणि त्याच्याशेजारी बसायला जागाच ठेवलेली नाही. इथे पत्र्याच्या खोलीत मला त्याच्या पेटीची पिकपिक दिवसभर ऐकू येते. हिरव्या दिव्याचा आवाज बारीक असतो, लाल दिव्याचा जाड. जाड आवाज लागोपाठ दहा वेळा आला की मी कान देऊन ऐकत राहतो. त्यानंतर कुणाचाच आवाज येत नाही.

मित्रांनो, तेल घातले, पुसले की आमच्यासारख्या वस्तू वर्षानुवर्षे टिकतात. ती काळजी तुम्ही घ्यालच. पण तुमच्याकडे माझे मागणे दुसरेच आहे. त्या दिवशी भिंगरी अकरा मिनिटे एकटी होती. माझ्यासमोर दीडशे माणसे उभी होती. त्यांनी घड्याळे पाहिली, थट्टा केली, फोन वर केले. एकानेही एक साधा प्रश्न विचारला नाही. तुमच्या पुढच्या माणसापाशी असा लाल दिवा लागला, तर तुम्ही तो विचारा. जवळ जा आणि विचारा, "आजोबा, तुमचं आत कोण गेलंय?"