दांडीची सायकल

"लेडीजमध्ये यापेक्षा मोठी फ्रेम येत नाही, मॅडम," दुकानदार प्रफुल्ल म्हणाला.

हर्षालीचे गुडघे हँडलला लागत होते. घरच्या सायकलवरही असेच लागायचे. पंचवटीतल्या दवाखान्यात ती नर्स होती. त्या सायकलवर ये-जा करून गुडघे इतके सुजले, की डॉक्टरच म्हणाले, "सिस्टर, मापाची सायकल घ्या आता."

"मग जेन्ट्स दाखवा," ती म्हणाली.

नवरा शेखर शेजारीच उभा होता. तो तिच्यापेक्षा चार बोटं बुटका. "काहीतरीच काय. सीट थोडं वर घे, चालतंय."

"चालवलंच की इतकी वर्षं."

प्रफुल्लने दांडीची सायकल काढली. "पाय टेकून मधे उभ्या राहा. दांडी अंगाला लागायला नको, दोन बोटं जागा पाहिजे."

जागा बरोबर होती. मग ती सीटवर बसली, पेडलवर टाच ठेवली. पाय सरळ झाला, पाठही.

"उतर," शेखर दबक्या आवाजात म्हणाला. "ताडमाड दिसतेस. लोक बघतायत."

तिच्या कानशिलांत रक्त चढलं. मुलगा बघायला आला तेव्हा आई कानात म्हणाली होती, जरा पोक काढूनच बस. लग्नात फोटोग्राफरने तिला खुर्चीत बसवलं आणि शेखरला मागे उभं केलं. टाचेची चप्पल तिने कधी घेतली नाही. दरवेळी कुणीतरी सांगितलं आणि दरवेळी ती वाकली. शेखरपेक्षा, आईपेक्षाही जास्त राग तिला त्या वाकण्याचा आला.

"गुडघे माझे सुजतात. शेक मी घेते," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण प्रफुल्लने हातातला पाना खाली ठेवला. "तुम्हाला फक्त लोक दिसतात. सांगा त्यांना, बायको उंच आहे. लग्नाआधीपासून आहे."

"तमाशा नको. घरी बोलू."

"घरी काय बोलणार? घरी गेले की मी परत गप्प बसणार. म्हणून इथेच बोलते."

शेखर बाहेर गेला. तिने पैसे दिले. पेडल मारत ती चौकापर्यंत आली.

सिग्नलला शेखरची स्कूटर शेजारी येऊन थांबली. हर्षालीने पायाची बोटं टेकवली आणि त्याच्याकडे पाहिलं. मान खाली करावी लागली. तो समोर बघत राहिला. दिवा हिरवा झाला, तसा वर न बघताच निघून गेला.