मोरघार कुणाची?

देवानं अक्कल वाटली तेव्हा बद्रीनाथराव चाळण घेऊन गेला असंल. वाळूजकडची बापाची जमीन कारखान्यांत गेली, पैका आला, अन् ह्यानं बी नटबोल्टचा कारखाना टाकला. गेटवर त्याला मोठं पाखरू पायजे व्हतं, रुबाबदार. कुणीतरी सांगितलं, गारखेड्यात एक धनगर सिमिटाची पाखरं करतो. तो धनगर म्हंजे आमचे धनी.

बारा वर्षं मेंढरामागं हिंडले ते मान वर करून. शिक्रा, ससाणा, मोरघार. कोण कसं झेपावतं, कसं बसतं, सारं डोळ्यात. आता सळया वाकवायच्या, जाळी गुंडाळायची, वर सिमिट थापून थापीच्या टोकानं एकेक पीस काढायचं. पण तोंडात जीभ हाय का नाय, देव जाणे. सिमिट कालवायचं काम माझं अन् बोलायचं बी माझंच.

चार महिन्यांत मोरघार उभी राहिली, माणसाहून उंच. बद्रीनाथराव म्हणला, "पंख खाली का पाडलेत? कारखाना बसल्यावानी दिसतंय."

"मोरघार अशीच बसती," धनी म्हणले. झालं, एवढंच.

मग त्यांनी जन्मात पहिल्यांदा कुणाला काय मागितलं. खाली आपलं नाव टाकू द्या म्हणले. सातबाऱ्यावर त्यांचं नाव नाय, रेशनकार्डावर हाय ते बी चुकीचं.

बद्रीनाथराव खेकसला, "येडा का खुळा तू? विद्यापीठाच्या नामांतरापायी दहा वर्षं गावं धुमसतायत, अन् तुला नाव पायजे? नावाची भानगड माझ्या गेटवर नको."

ज्यांची घरं जळली त्यांनी काय हौस म्हणून नाव मागितलं व्हय? पण ह्याच्यापुढं बोलणं म्हंजे पालथ्या घड्यावर पाणी.

उद्घाटनाला मुंबईचा कुणी बडा साहेब आला. पडदा सरकला अन् खाली बघते तर संगमरवर! 'शिल्पकार: सर्जेराव.' सर्जेराव म्हंजे बद्रीनाथरावाचा पुतण्या. कलेच्या कॉलेजात दोनदा नापास, सिमिटाला बोट लावलं नाय त्या मेल्यानं. नावाची भानगड नको, पण घरच्या नावाला संगमरवर! धन्यांनी मान खाली घातली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

साहेबानं विचारलं, "पंख असे झुकवलेले का आहेत?"

सर्जेराव केसावरून हात फिरवत म्हणला, "साहेब, ही आई आहे. पिलांना ऊब देतीये. आमचा कारखाना कामगारांना असाच पंखाखाली घेतो."

टाळ्या! मला काय राहवलं नाय.

"अगं बया, ऊब म्हणं!" गर्दी सारून म्या पुढं झाले. "साहेब, शिकार केली का मोरघार अशी बसती. दुसऱ्याच्या नजरंला पडू नये म्हणून झाकून खाती. वाका जरा, खाली बघा. घारीच्या पिलाला खूर असतंय व्हय?"

साहेब वाकला. पंखाखाली कोकराचा पाय व्हता, खुरासकट. साहेबानं कामगारांकडं बघितलं, मग बद्रीनाथरावाकडं, अन् रुमाल तोंडाला लावला. कामगारांनी रुमालाची बी वाट बघितली नाय, खो खो हसले.

बद्रीनाथराव घामाघूम. "आईची आण, साहेब! आमच्या सर्जेरावनं नाय केलं हे! ह्या धनगरानं केलं!"

"असं?" साहेब म्हणला. "नाव काय त्यांचं?"

बद्रीनाथराव इकडं तिकडं बघाया लागला. चार महिने 'ए धनगर' म्हणून हाका मारल्या, नाव कुठून ठावं असणार? सर्जेराव तर गायबच झाला. अन् आमचे धनी? नखातलं सिमिट खरवडत उभे.

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नाय. त्याचं आयुष्य घटतं म्हणत्यात. म्या लग्नात उखाण्यात घेतलं व्हतं, त्यालाबी अठरा वर्षं झाली. म्हणलं, घटू दे चार दिस. बिननावाचं जगून तरी काय करायचंय!

"केरबा!" म्या बोंबलले. "केरबा सोनाजी! लिवून घ्या!"

साहेबानं खरंच लिवून घेतलं. बायांनी पदर तोंडाला लावले. धनी माझ्याजवळ आले, डोळे भरलेले. म्हणलं, आता चिडत्यात का काय.

"आणिक एकदा घे की," धनी म्हणले.