पाहुणा गहू

पुंजाजीने सहावं पोतं काट्यावरून उतरवलं, पाठ सरळ केली आणि खळ्याभोवती जमलेल्या माणसांकडे असं पाहिलं, जणू जगात पहिला गहू त्यानेच पिकवला होता.

एकाच वावराचे त्याने दोन सारखे तुकडे केले होते. मधे दोरी. अलीकडे घरचा बन्सी गहू, पलीकडे शेतकीच्या साहेबांनी दिलेला नवा बुटका गहू. दोन्हीला खत सारखं, पाणी सारखं, ही साहेबांची अट. बन्सीची तीन पोती भरली, नव्याची सहा.

'काहून', म्हणजे 'का', हा शब्द सदा तोंडी, म्हणून आसेगावात पुंजाजीला सगळे काहूनराव म्हणत. माणूस चंद्रावर जाऊन आला, मग उद्या पाऊस येईल का हे काहून सांगता येत नाही? लस टोचली की देवी काहून येत नाही? चौथी शिकलेला हा गडी एसटीत काय, चहाच्या टपरीवर काय, कुठेही प्रश्न काढून बसे. विहारात भन्तेजी सांगत, मी म्हणतो म्हणून मानू नका, तपासून पाहा. पुंजाजीने ते मनावर घेतलं आणि गावाने त्याला हसण्यावारी नेलं. दोरी बांधली त्या दिवशी शेजारच्या वावराचे मारोतराव म्हणाले होते, "भाऊ ना बंद, अन् वावराची वाटणी करून राह्यला."

आज ते मारोतरावही गपगुमान उभे होते. मंगरूळपीरहून साहेबांची जीप आली होती, शेलूबाजारचे चार शेतकरी आले होते. जीपमधे शाल होती, नारळ होता. आणि साहेबांच्या हातात कागद होता: 'सारखी मशागत, दुप्पट उत्पन्न.' खाली सही तेवढी हवी होती. पुंजाजीने तपासून पाहिलेलं काहीतरी पहिल्यांदाच कोणी लिहून नेणार होतं. त्याला सकाळपासून भाकर गोड लागली नव्हती.

सही करायला निघताना त्याने नव्या गव्हाची मूठ भरून घेतली.

"दुप्पट काहून झाला असन?" तो आपल्याशीच बोलला.

मागे त्याची बायको पंचफुला सुपाने गहू पाखडत होती. ती हळूच म्हणाली, "होईनच ना. खाऊ घातलं म्या त्याले."

"काय खाऊ घातलं?"

"तुमी मजुरीले गेले का गोठ्यातलं टोपलंभर खत नेऊन टाकत होती. पाणीबी पह्यले त्यालेच. परगावचं बियाणं, आपल्या मातीत नवखं. पाहुण्याले दोन घास जास्तच वाढते ना माणूस?"

"अन् बन्सीले?"

"तो घरचा हाय. तो काय रुसते?"

"सारखं द्याचं म्हणून सांगतलं होतं ना तुले?"

"मले तो कद्रूपणा वाटला. तुमची लाज जाऊ नये म्हणून केलं."

पुंजाजीच्या मुठीतले दाणे पुन्हा पोत्यात पडले. पाखडण्याच्या आवाजात कोणी काही ऐकलं नव्हतं. गप्प बसला असता तर शाल त्याचीच होती.

तो साहेबांपुढे जाऊन उभा राहिला.

"साहेब, ते दुप्पट खोडा."

"का? वजन तर सगळ्यांसमोर झालं."

"वजन खरं हाय. पण नव्याले खत जास्त पडलं, पाणीबी. हे बियाण्याचं काम का खताचं, मले माहीत नाई."

मारोतरावांना हसू आवरलं नाही. "काहूनराव, जलमभर आमाले इचारलं. आता तुमालेच जवाब येईना."

"नाई येत, मारोतराव," पुंजाजी म्हणाला. मान त्याने खाली घातली नाही.

"चूक कोणाची झाली?" साहेबांनी विचारलं.

पंचफुलेचं सूप थांबलं.

"माही," पुंजाजी म्हणाला. "साऱ्या गावाले काहून इचारत फिरलो. पण सारखं काहून द्याचं, हे घरी सांगतलंच नाई."

साहेबांनी ती ओळ खोडली. "मग काय लिहू?"

"लिवा, अजून माहीत नाई. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा पाहू. शालबी तवाच आणा."

त्याखाली पुंजाजीने ठसठशीत सही केली. सहावं पोतं उतरवून उभा होता तेव्हापेक्षा त्याची छाती आता जास्त फुगली होती, आणि ते त्याचं त्यालाही कळत होतं.

ऊन उतरल्यावर दोघं घराकडे निघाली. अर्ध्या वाटेत पंचफुला म्हणाली, "मले एक सांगा. सारखंच काहून द्याचं?"

पुंजाजी जागीच थांबला. अठरा वर्षांच्या संसारात हा शब्द तिच्या तोंडून त्याने कधी ऐकला नव्हता. तो वाटेतच उकिडवा बसला, हाताने फुफाटा सारखा केला आणि बोटाने दोन चौकोन काढले. मागून मारोतरावांची बैलगाडी आली. वाट अडली होती. पण मारोतराव ओरडले नाहीत. कासरा ओढून धरला आणि गाडीवरूनच वाकून ते चौकोन पाहू लागले.

पुंजाजीचं सांगून झालं. पंचफुलेने मान डोलावली.

"म्हंजे पुढच्या साली दोघंबी पाहुणे."

पुंजाजीने मारोतरावांकडे वर पाहिलं.

"ऐकलं काय?" तो म्हणाला.