उजळलेला प्याला

विश्वजितनं माईक तोंडाजवळ ओढला आणि रुमालानं डोळे टिपले. उत्तम शुक्रवारची, गुड फ्रायडेची, उपासना होती. चर्च गच्च भरलं होतं.

"मंडळीचा वडील म्हणून साक्ष देतो. माझ्या हातून एका गरीब बाईवर अन्याय झाला. पण वधस्तंभावर प्रभूनं माझं प्रायश्चित्त केलं. मी मोकळा झालो."

"आमेन," मंडळी म्हणाली.

तिसऱ्या बाकावर त्याच्या बायकोनं, स्नेहलनं, पदराचं टोक मुठीत आवळलं. एक गरीब बाई! त्या बाईला नाव होतं. धोंडुबाई एकोणीस वर्षं हेच चर्च झाडत होती. नाताळाआधी प्रभुभोजनाचा चांदीचा प्याला सापडेना, तेव्हा याच माईकवरून विश्वजितनं तिचं नाव घेतलं होतं, चोर म्हणून. प्याला त्यानंच गुजरीत सोनाराकडे उजळायला टाकलेला, आणि विसरला. जानेवारीत सोनाराचा माणूस तो घरी देऊन गेला. तेव्हापासून स्नेहल त्याला सांगत होती, तिच्या दारात जाऊन या. त्यावर ठरलेलं उत्तर येई: प्रभूनं सगळं वाहिलं, आता आपण काय वाहायचं?

तो शेजारी येऊन बसला. हलकं वाटतंय, म्हणाला.

"वाटणारच," ती हळू आवाजात म्हणाली. "चोर तुम्ही प्रभूला म्हणाला नव्हता."

गीत सुरू झालं तशी ती पिशवी उचलून बाहेर पडली. भर उन्हात चालत कदमवाडी गाठली.

धोंडुबाई उंबऱ्याच्या आत लसूण सोलत बसली होती. उठली नाही. स्नेहलनं बाहेर उभ्यानंच सगळं सांगून टाकलं: गुजरी, सोनाराचा माणूस, आजची साक्ष. आवाज कधी नव्हे तो चढला होता. याला काय प्रायश्चित्त म्हणायचं, असं तिनं दोनदा विचारलं.

धोंडुबाईनं ऐकून घेतलं. आत जाऊन चहा केला, कप उंबऱ्याजवळ आणून ठेवला.

"मी चहा सोडलाय, बाई," स्नेहल म्हणाली. "चाळीस दिवस झाले. तुमच्यासाठीच. त्या दिवशी मी गप्प बसले म्हणून."

धोंडुबाईनं पुन्हा लसूण हातात घेतला.

"प्याला जानेवारीतच घावला म्हनायचा."

"हो."

"त्येच्या म्होरं बी तीन म्हैनं माझी सून पिठाच्या डब्याला कुलूप लावत्या. चोराची जात म्हनून." तिनं एक पाकळी सोलली. "तुमाला चहा सोडायचं सुचलं. हितवर यायचं सुचलं न्हाय व्हय?"

स्नेहलच्या ओठांवर आलेलं विश्वजितचं नाव तिथंच राहिलं. चहावर साय धरू लागली.

"सून सा वाजता येती," धोंडुबाई म्हणाली. "थांबताय?"

स्नेहलनं चप्पल काढली, उंबऱ्याच्या आत येऊन बसली आणि कप उचलला.